सात फेऱ्या

माझी नानी हजहून परतली तेव्हा मी आठ वर्षांची होते. १९७० च्या दशकातील ही गोष्ट. त्या काळी कोकणातील हजयात्री मुंबई बंदरातून मोगल लाइनच्या जहाजाने जिद्द्याला जात. पुढे विमानप्रवास रूढ झाला आणि १९९५ नंतर मुंबईहून समुद्रमार्गे होणारी हजयात्रा बंद पडली. नानी परतली ती खजूर, तसबीह आणि झमझमच्या पाण्याचे झाळलेले डबे घेऊन. आठवडाभर आमच्या ओटीवर माणसांची रीघ लागली होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एक खजूर आणि छोट्या वाटीत घोटभर पाणी. मोठी माणसे उभी राहून, किबल्याकडे तोंड करून ते पाणी पीत. आम्हा मुलांना मात्र पाण्यापेक्षा पाण्याची गोष्ट अधिक हवी असे, आणि नानी ती रोज नव्याने सांगत असे.

नानीला अरबी कुराण वाचता येत होते, मराठी लिहितावाचता येत नव्हते. तिची बोली कोकणी मुसलमानांची, खाडीकाठची. (या लेखातील घरचे संवाद मी वाचकांच्या सोयीसाठी प्रमाण मराठीत देत आहे.) सांगताना ती दोन्ही हात वापरत असे. उजवा हात वर गेला की तो सफा, डावा वर गेला की तो मरवा, आणि मधल्या मोकळ्या जागेतून तिची मान इकडून तिकडे धावत असे. ती मान सात वेळा फिरली की आम्ही श्वास सोडत असू.

पुढे मी भाषाविज्ञान शिकले आणि शिकवू लागले. कथनाची रचना, कर्ता, क्रियापद, श्रोत्याचे स्थान या विषयांवर मी वर्गात अनेक तास बोलले आहे. आपल्याला गोष्ट सांगता येते, असा माझा समज त्यामुळे पक्का झाला होता. तो समज माझ्या सात वर्षांच्या नातीने एका संध्याकाळी मोडला.

त्या वर्षी माझी मुलगी आणि नात आमच्याकडेच राहत होत्या. जावई नोकरीसाठी कतारला गेले होते. रत्नागिरीच्या आमच्या परिसरात यात नवे काही नाही. येथे घरटी एक माणूस पूर्वी बोटीवर असे, आता आखातात असतो. बकरी ईद आठ-दहा दिवसांवर आली होती. बाहेर पाऊस होता, वीज गेलेली होती. नातीने गोष्ट मागितली आणि मी नानीची गोष्ट काढली. मुलांना घटना हवी, पाल्हाळ नको, अशा विचाराने मी ती सुटसुटीत केली होती. फार वर्षांपूर्वी हजरत इब्राहिम, बीबी हाजरा आणि त्यांचे तान्हे बाळ इस्माईल एका ओसाड दरीत आले. हजरत इब्राहिम त्या दोघांना तिथे सोडून निघून गेले. मग पाणी संपले, बाळ रडू लागले...

"का सोडून गेले?" नातीने मध्येच विचारले.

"अल्लाहचा हुकूम होता म्हणून."

"बाळ तान्हं असूनपण?"

"हो. पण पुढे ऐक तरी. मग बीबी हाजरा सफा नावाच्या टेकडीवर चढल्या..."

ती पुढे ऐकत नव्हती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आमचे अब्बापण तसेच गेले ना?"

पलीकडे माझी मुलगी गाद्या घालत होती. तिचे हात थांबले. मी घाईने म्हणाले, "छे गं! अब्बा तर कामाला गेलेत. तुमच्यासाठी दर महिन्याला पैसे पाठवतात." बोलता क्षणीच मला ते उत्तर खुपले. सात वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाला मी मनीऑर्डरने उत्तर दिले होते. मग विषय बदलण्यासाठी मी जुबैदाराणीची गोष्ट सुरू केली. नात मुकाट्याने झोपून गेली.

त्यानंतर तीन-चार दिवस ती वडिलांच्या फोनवर आली नाही. फोन वाजला की तिला तहान लागे, नाहीतर न्हाणीघरात जायचे असे. शेवटी मुलगी मला म्हणाली, "अम्मी, ही गोष्ट लहानांची नाही. मोठी झाली की कळेल तिला."

"मी ऐकली तेव्हा मीही लहानच होते," मी म्हणाले.

"तुझे अब्बा घरी होते, अम्मी."

यावर मला बोलता येईना.

मुलांसाठी लिहिलेल्या आवृत्त्या मी त्या आठवड्यात मुद्दाम आठवून पाहिल्या. या कथेतील निघून जाण्याची जागा बहुतेक सांगणारे पटकन ओलांडतात. कोणी म्हणतो, ते कामासाठी दूर गेले. कोणी म्हणतो, बीबी हाजरा बाळासह वाळवंटात राहू लागल्या. दुसऱ्या वाक्यात तर जाणारा माणूसच उरत नाही. वर्गात मी शिकवते की वाक्यातून कर्ता काढला की जबाबदारीही नाहीशी होते. येथे भीतीही नाहीशी होते, म्हणून ही युक्ती सांगणाऱ्याला मोहवते. पण मूल हे गाळलेले बरोबर ओळखते. आई एकटी का, हा प्रश्न त्याला पडतोच. आपण उत्तर दिले नाही तर ते स्वतःच्या घरातून उत्तर आणते.

मग क्रियापद कोणते वापरावे? मराठीत या जागेसाठी तीन-चार धातू हाताशी आहेत आणि एकही निर्मळ नाही. 'टाकून गेले' म्हणावे तर 'टाकलेली बाई' हा शब्दप्रयोग समोर उभा राहतो, आणि त्यामागे आपल्या गावोगावच्या किती स्त्रिया. 'ठेवून गेले' यात परत नेण्याची सूचना आहे, पण वस्तू ठेवतात, माणसे नव्हे. शिवाय 'ठेवलेली' या शब्दाचा वेगळाच अर्थ मराठी माणसाला ठाऊक आहे. 'सोडून गेले' हे मी वापरले, आणि त्याचा परिणाम पाहिला. 'सोपवून गेले' हे सर्वांत जवळचे वाटते. मात्र सोपवण्याला तिसरा कोणीतरी लागतो, आणि त्या दरीत तिसरा दिसत नव्हता. तो आहे की नाही, हाच तर त्या कथेचा प्रश्न.

नानीचे क्रियापद आठवण्याचा मी खूप प्रयत्न केला. ते आठवले नाही. आठवला तो तिचा पदर. गोष्टीच्या या टप्प्यावर ती शेजारी बसलेल्या मुलाचा सदरा पदरासारखा धरून ओढत असे आणि विचारत असे, "कुठे चाललात?" उत्तर नाही. पुन्हा ओढत असे. पुन्हा तोच प्रश्न. मग मला सगळे लख्ख आठवले. नानी त्या जागी क्रियापदावर विसंबतच नव्हती. तिथे ती बीबी हाजरांना बोलू देत असे.

परंपरेने सांगितलेल्या कथेत, हदीसच्या संग्रहांतही, हा प्रसंग आहे. हजरत इब्राहिम त्यांच्याजवळ खजुरांची एक पिशवी आणि पाण्याची पखाल ठेवतात आणि वळतात. बीबी हाजरा त्यांच्या मागे जातात. जिथे माणूस नाही, काही नाही, अशा जागी आम्हाला ठेवून कुठे निघालात, असे पुन्हा पुन्हा विचारतात. ते वळून पाहत नाहीत. तेव्हा त्या प्रश्नच बदलतात: हा अल्लाहचा हुकूम आहे का? होकार येतो. मग तो आम्हाला वाया जाऊ देणार नाही, असे म्हणून त्या माघारी फिरतात. पुढे, जिथून ती दोघे दिसत नाहीत अशा वळणावर पोहोचल्यावर हजरत इब्राहिम मागे तोंड करतात आणि हात उचलून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात.

मी गोष्ट सुटसुटीत करताना नेमके हेच गाळले होते. विचारणारी स्त्री मी काढून टाकली आणि मागे उरली ती केवळ सोडलेली स्त्री. भीतिदायक भाग मी ठेवला होता. त्या भीतीला तोंड देणारी दोन-तीन वाक्ये मात्र पाल्हाळ समजून वगळली होती. मुलीचे म्हणणे अर्धे खरे होते. मी सांगितलेली गोष्ट लहानांची नव्हतीच. पण ती नानीची गोष्टही नव्हती.

दोन दिवसांनी पावसाने उघडीप दिली. मी नातीला म्हणाले, "त्या दिवशी माझी गोष्ट चुकली. पुन्हा सांगू का?" मोठी माणसे चुकली म्हणतात तेव्हा मुले उत्सुक होतात. ती आली. या वेळी मी काहीच गाळले नाही. प्रश्न आला, पुन्हा आला, तेव्हा ती माझा पदर धरून स्वतःच विचारू लागली. वळणावरच्या प्रार्थनेपाशी तिने मला थांबवले.

"म्हणजे त्यांनी वळून बघितलं?"

"बघितलं."

"पण हाजराबीबींना दिसलं नाही?"

"नाही. त्या वळणाच्या अलीकडे होत्या."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग उठून म्हणाली, "चल, आता धावूया."

आमच्या अंगणात विहिरीचा कठडा हा सफा झाला, माडाचे झाड मरवा. मक्केत या दोन टेकड्यांमधील अंतर सुमारे ४५० मीटर आहे; सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरांहून थोडे अधिक चालणे होते. आज तो मार्ग छताखाली, संगमरवरी फरशीचा, गार हवेचा आहे. बीबी हाजरांच्या पायाखाली मात्र तापलेले दगड होते. या फेऱ्यांना 'सई' म्हणतात. या अरबी शब्दात धावणे आणि प्रयत्न करणे हे दोन्ही अर्थ आहेत. नात मोजत धावली आणि सातव्या फेरीला माडापाशी थांबून ओरडली, "नानी, मी इकडेच राहिले! निघाले तिथे परत आलेच नाही!" ते खरेच आहे. सफाहून मरवा ही एक फेरी, मरवाहून सफा ही दुसरी. सात हा विषम आकडा, म्हणून सई सफापाशी सुरू होते आणि मरवापाशी संपते. इतकी वर्षे ही माहिती मला होती. तिचे आश्चर्य नव्हते.

पाणी कुठे लागले, हेही तिला ठाऊक हवे होते. हदीसच्या कथनात फरिश्त्याने टाचेने किंवा पंखाने जमीन उकरली असे येते. आमच्या घरच्या सांगण्यात रडणाऱ्या बाळाच्या टाचा घासून पाणी वर आले. दोन्ही प्रकारे पाणी ना सफावर मिळाले ना मरवावर. ते बाळाजवळच होते.

"मग त्या धावल्या कशाला?" नातीने विचारले.

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात दारात उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, "बाळ रडत असताना बसून कशी राहील गं आई?" आणि मग जरा थांबून, "शाळेत हिरकणी शिकलीस ना? तिला तरी कडा उतरताना खाली पोचू की नाही ते कुठे माहीत होतं!" नातीला ते तत्काळ पटले. रायगडाचा कडा आणि मक्केची दरी तिच्या मनात शेजारी शेजारी जाऊन बसली, आणि माझ्या मते दोघींनाही तेथे अडचण झाली नसावी.

बीबी हाजरांनी पाण्याभोवती हातांनी माती लोटून आळे केले, हे सांगितल्यावर नातीने माडाला आळे असते तसे का, असे विचारले. पुढचा भाग तर तिला सर्वांत आवडला. पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी पाहून जुरहुम टोळीचे लोक आले आणि त्यांनी बीबी हाजरांकडे तेथे राहण्याची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली, पण पाण्यावर तुमचा हक्क असणार नाही, अशी अट घालून. त्या वस्तीचीच पुढे मक्का झाली. जिला ओसाड जागी एकटे राहावे लागले, तिलाच तेथे राहण्याची परवानगी मागावी लागली, हे मुलांना सांगितलेच पाहिजे.

शब्दांवरूनही आमचे बोलणे झाले. "हाजरा म्हणजे हजर असलेली ना?" असे नातीने विचारले. तिच्या शाळेत रोज हजेरी होते, त्यामुळे तिची व्युत्पत्ती सरळ होती. शास्त्राने पाहता ती चूक आहे. मराठीतील 'हजर' ज्या अरबी धातूपासून आला तो वेगळा; 'हाजर' हे नाव परंपरेने 'हिजरत' म्हणजे देशांतर या शब्दाशी जोडले जाते. मराठी बायबलमध्ये हीच स्त्री 'हागार' या नावाने भेटते. हिब्रूतील 'ग' अरबीत 'ज' होतो. गंमत अशी की 'हजर'चा खरा सख्खा शब्द आहे 'हजरत'. म्हणजे ज्यांच्या नावाआधी उपस्थितीचा शब्द लागतो ते निघून गेले, आणि जिच्या नावाला स्थलांतराची आठवण चिकटली ती तेथे थांबली. हे सारे मी नातीला सांगितले नाही. तिला एवढेच म्हणाले, "शब्द वेगळा आहे, पण हजर त्याच होत्या हे खरं."

अडचणीत टाकणारा एक प्रश्न मात्र तिने नंतर विचारलाच. सईच्या वाटेवर एका टप्प्यात हिरवे दिवे आहेत. तेथे पूर्वी दरीचा सखल भाग होता; तेथून बाळ दिसेना, म्हणून बीबी हाजरा तेवढ्या भागात धावल्या, असे सांगतात. आज त्या दिव्यांमध्ये पुरुषांनी झपझप धावायचे असते. स्त्रियांनी नेहमीच्या चालीने चालायचे. "धावली बाई, मग बायका का नाही धावत?" नातीने विचारले. स्त्रियांना गर्दीत त्रास नको म्हणून ही सवलत आहे, असे मी म्हणाले. माझी मुलगी हसून म्हणाली, "बायका घरातून धावतच निघालेल्या असतात." मला या प्रश्नात आणखी एक गोष्ट दिसते. जगभरातील लाखो पुरुष, राजे आणि मजूर, त्या वाटेवर एका घाबरलेल्या आईची पावले गिरवतात. आपल्या मुलग्यांना हे कोणी फारसे सांगत नाही. सांगायला हवे.

त्यानंतरच्या रात्री आम्ही इतर प्रवासिनींकडे वळलो. जुबैदा ही खलिफा हारून अल-रशीद यांची राणी. लहानपणी ती इतकी गुबगुबीत होती की आजोबांनी तिला लोण्याच्या गोळ्यावरून 'जुबैदा' हे लाडाचे नाव दिले, आणि तेच इतिहासात राहिले. हजच्या वेळी यात्रेकरूंचे पाण्यावाचूनचे हाल पाहून तिने कूफा ते मक्का या वाटेवर विहिरी आणि तलाव बांधवले, मक्केपर्यंत पाण्याचा कालवा आणवला. ती वाट आजही तिच्याच नावाने ओळखली जाते. गुलबदन बेगम ही बाबराची मुलगी आणि 'हुमायूननामा'ची लेखिका. पन्नाशी उलटल्यावर, १५७५ मध्ये, ती राजघराण्यातील स्त्रियांसह फतेहपूर सीक्रीहून हजला निघाली आणि परतली १५८२ मध्ये. येताना एडनजवळ जहाज फुटले होते. "सात वर्षं?" नात उद्गारली. "मग तिच्या घरचे किती वाट बघत असतील!" भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये आपल्या आईला, कुदसिया बेगमना, घेऊन मुंबईहून जहाजाने गेल्या. परतल्यावर त्यांनी त्या प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले आणि त्याचा इंग्रजी अनुवाद १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. या गोष्टींत जाणारी बाई आहे आणि मागे थांबणारे घर आहे. निघून जाणारे सगळे सोडूनच जातात असे नाही, हे नातीला कोणी समजावून सांगितले नाही. गुलबदनच्या घरच्यांची काळजी करता करता ते तिला उमगले असावे. त्या आठवड्यात तिने आपणहून फोन उचलला.

अभ्यासकेंद्रावर रविवारी येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आई किंवा वडील आहेत. काहींची मुले त्यांच्यासोबत राहतात, काहींची गावी आजीजवळ असतात. मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात, असे ते विचारतात. पूर्वी मी त्यांना याद्या देत असे. आता म्हणते, जी गोष्ट तुम्हाला तुमच्या माणसांनी सांगितली ती सांगा. ती भितीदायक असली तरी सांगा, परंतु तिच्यातील विचारणारे माणूस गाळू नका. मुलाला दुःखापासून वाचवणे आपल्या हाती क्वचितच असते; त्या दुःखाला प्रश्न विचारता येतो हे दाखवणे मात्र हाती असते.

पुढच्या मे महिन्यात जावई महिनाभराच्या रजेवर आले. परतीच्या दिवशी आम्ही त्यांना रत्नागिरी स्थानकावर पोहोचवायला गेलो. ते बॅगा घेऊन फलाटावर पुढे चालले होते. नात मागून धावली, त्यांचा शर्ट ओढला आणि विचारले, "अब्बा, कुठे चाललात?" ते हसले, चालत राहिले. तिने पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी त्यांनी बॅगा खाली ठेवल्या, गुडघ्यांवर बसले आणि तिच्याशी बराच वेळ बोलले. ते काय बोलले हे मला ऐकू आले नाही, आणि मी कधी विचारलेही नाही.

गाडी सुटली, वळणाआड गेली. मुलीने डोळे पुसले. नात रिकाम्या रुळांकडे पाहत उभी होती. तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, "आता ते वळून बघत असतील. आपल्याला दिसत नाही एवढंच."